सातवं खातं

(शनिवार, सकाळचे साडेअकरा. फोनवर.)

केलेरा : थांब! एंटर दाबलंस का?

अपिसाई : नाही अजून. बोट ठेवलंय फक्त.

केलेरा : उचल ते बोट. दोन्ही हात मांडीवर ठेव. आणि आता स्क्रीनवर काय लिहिलंयस ते वाच. अक्षर न् अक्षर.

अपिसाई : तानोआ, मग स्पेस, अनइन्स्टॉल, मग स्पेस, दोन आडव्या रेघा आणि ऑल.

केलेरा : ऑल! अरे देवा. तो ऑल कुणी सांगितला तुला?

अपिसाई : तुझ्याच वहीत आहे. पान बावीस. ‘तानोआ पूर्ण काढायचा असल्यास.’ मला पूर्णच काढायचाय.

केलेरा : आणि पान तेवीस कुणी वाचायचं, तुझ्या आजोबांनी? ऑल लावलं की माझा हा प्रोग्राम, तानोआ, एकटा जात नाही. त्यानं आजवर उघडलेली सगळी खाती सोबत घेऊन जातो. तीन हजार शंभर पोरं, दोनशे साठ कर्मचारी. सोमवारी अख्ख्या कॉलेजात एकाला कॉम्प्युटर उघडता आला नसता. भिंत पाडायला सांगितली तर माणसांसकट घर पाडतोस होय रे?

अपिसाई : म्हणून तर तुला फोन केला ना, नाइता.

केलेरा : केलास ते बरं केलंस. डोंगरातल्या माणसाला समुद्रात सोडलं की असंच व्हायचं. पूस ती ओळ.

अपिसाई : पुसली. आणि कंदावूच्या लोकांनी आम्हाला शिकवू नये. तुमच्या बेटावर फोन लागायला टेकडी चढावी लागते.

केलेरा : चढलेच आहे. शाळेच्या वर पाण्याची टाकी आहे ना, तिच्या कडेला उभी आहे. इथून दोन पावलं हलले तर तुझा आवाज जातो. खाली भुईभट्टी लावलीय, डुक्कर आत गेलंय, चटया अंथरून झाल्यात. बाबा जाऊन आज शंभरावा दिवस. आठवण आहे ना?

अपिसाई : आहे. वाईट वाटतंय गं, आजच्या दिवशी तुला त्रास देतोय.

केलेरा : नाइताला कधीपासून वाईट वाटायला लागलं? नाइता म्हणजे जन्माचा चोर. तू माझ्या अंगणातून कोंबडी उचलायची आणि मी हसायचं. मी तुझी उचलायची आणि तू हसायचं. तुझ्या-माझ्या पूर्वजांनी ठरवून ठेवलंय हे नातं. एका फोनाचं काय घेऊन बसलास? पण मला सांग, शनिवारी ही घाई कसली? नवं सॉफ्टवेअर डिसेंबरात, परीक्षा झाल्यावर, आपण दोघांनी मिळून घालायचं ठरलं होतं.

अपिसाई : नव्या सॉफ्टवेअरचे ते ऑकलंडचे लोक सोमवारी बघायला येतायत. डायरेक्टरसाहेब म्हणाले, त्याआधी चालू हवं.

केलेरा : मला कुणी कळवलं नाही.

अपिसाई : तू रजेवर. शिवाय घरात हे असं.

केलेरा : हं. बरं, असू दे. नवं अजून घातलं नाहीयेस ना? आधी जुना काढायचा, मग नवं. ...अपिसाई?

अपिसाई : सकाळी सातला घातलं.

केलेरा : जुना चालू असताना?

अपिसाई : त्यांच्या पुस्तकात लिहिलंय, एक कमांड आणि पाच मिनिटं. खरंच पाच मिनिटांत झालं. मला वाटलं, वा! मग साडेसातला होस्टेलच्या मेसमधून फोन. पोरांची कार्डं चालत नाहीत. पावणेआठला आपोआप चालायला लागली. आठला परत बंद.

केलेरा : होणारच! एका म्यानात दोन तलवारी घातल्यास आणि वर विचारतोस, आवाज कसला येतोय. नवं येतं आणि आपल्या यादीप्रमाणे खाती बंद करून जातं. पंधरा मिनिटांनी तानोआ येतो आणि आपल्या यादीप्रमाणे उघडून जातो. दोघांत सकाळपासून जुंपलीय. पोरांनी नाश्ता केला का?

अपिसाई : निम्म्यांनी.

केलेरा : आणि निम्मी?

अपिसाई : ठेकेदार म्हणतो, मशीननं हो म्हटल्याशिवाय ताट द्यायचं नाही. मी हातापाया पडलो. साडेबाराला दुपारचं जेवण आहे. बेटांवरून आलेली पोरं आहेत, बाहेर जाऊन खायला त्यांच्या खिशात काय असणार?

केलेरा : एक तास आहे. होईल. पण रीत माझी. तू हात चालवायचे, डोकं मी चालवणार. प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायची आणि मी हो म्हटल्याशिवाय एंटर नाही. पहिल्या दिवशी शिकवलं होतं तेच.

अपिसाई : पहिल्या दिवशी तू मला केबल ओढायला लावली होतीस. चार तास.

केलेरा : कारण तुला तेवढंच येत होतं. मुलाखतीत सगळे नको म्हणत होते, ‘बाई, हा तारा ओढणारा माणूस आहे, ह्याला सर्व्हर कसा द्यायचा?’ मी म्हटलं, माझा नाइता आहे, वाया गेला तर शिव्या मी देईन. चल, लिही. तानोआ, स्पेस, रिपोर्ट. काढायच्या आधी त्यानं सकाळपासून काय काय केलंय ते विचारू.

अपिसाई : तानोआ, स्पेस, रिपोर्ट. दाबू?

केलेरा : दाब.

अपिसाई : आलं. ‘शेवटची फेरी सव्वाअकरा. दुसऱ्यानं बंद केलेली, मी परत उघडलेली खाती. विद्यार्थी एकशे बारा. कर्मचारी सात.’

केलेरा : विद्यार्थी एकशे बारा म्हणजे बेटांच्या योजनेतली पोरं. नव्या यादीत ती आलीच नाहीत. त्यांची प्रवेशाची कागदपत्रं वेगळ्या कपाटात असतात, ऑकलंडच्या लोकांना काय ठाऊक! म्हणजे तानोआ नुसता काढून चालायचं नाही. काढला की ही पोरं कायमची बाहेर. आधी त्याच्याकडची यादी काढून नव्याला द्यायला हवी. बरं, कर्मचारी कोण कोण? नावं वाच.

अपिसाई : कमलावती बाई, लायब्ररी.

केलेरा : निवृत्त झाल्या. बरोबर. पुढे?

अपिसाई : सिरेली मास्तर, वेल्डिंग.

केलेरा : सिडनीला मुलीकडे गेले. हं.

अपिसाई : इनोके, गॅरेज. वासीती, स्वयंपाकशाळा. एपेली, बसड्रायव्हर.

केलेरा : इनोके जहाजावर गेला, वासीती लग्न करून लौटोकाला, एपेलीचे गुडघे गेले. सगळे या सत्रात गेलेले.

अपिसाई : आणि मुनसामी, भांडारघर.

केलेरा : अरेरे, मुनसामी! माणूस जाऊन महिना झाला आणि तानोआ सकाळपासून त्याला दर अर्ध्या तासानं उठवून कामाला लावतोय. त्याची चूक नाही बिचाऱ्याची. सत्र संपलं की गेलेल्यांची नावं मी एकदम काढते, ती काढायची राहिलीत. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बाबतीत नव्याचं बरोबर आहे. जे गेले त्यांनाच ते बंद करतंय. बरं, सातवं?

अपिसाई : सहाच आहेत.

केलेरा : सात म्हणालास.

अपिसाई : म्हणालो असेन. सहा आहेत. आता यादी कशी काढायची ते सांग ना, बारा वाजायला आले.

केलेरा : पावणेबारा झालेत. अपिसाई, तू सात म्हणालास, कारण स्क्रीनवर सात लिहिलंय. तानोआ आधी मोजतो, मग नावं लिहितो. ते मी लिहिलंय. अकरा वर्षांत त्याची मोजणी एकदाही चुकलेली नाही.

अपिसाई : एक ओळ नीट दिसत नाहीये.

केलेरा : आता डोळे गेले होय तुझे? वाच. कोण गेलंय जे मला माहीत नाही? अरे, कुणी वारलंय का? सांगून टाक, मी बसते खाली. शंभर दिवस रडून झालंय माझं, आणखी एक नाव सोसेन.

अपिसाई : वारलं नाही कुणी.

केलेरा : मग?

अपिसाई : तुझं आहे.

केलेरा : काय माझं?

अपिसाई : सातवं खातं. तुझं.

केलेरा : हात्तिच्या! एवढंच ना? घाबरवलंस की मला. मी रजेवर आहे, ते त्या नव्या शहाण्याला कळलं नसेल. रजा म्हणजे गेली, असं समजला असेल.

अपिसाई : हो हो, तेच असणार. तेच झालंय.

केलेरा : आजारपणाच्या रजेवर तिघं आहेत. त्यांना का नाही बंद केलं? अपिसाई, तू फार पटकन हो म्हणालास. नव्या सॉफ्टवेअरला माझं नाव विचार. त्यालाही कमांड असेल. माझी पूर्ण नोंद माग.

अपिसाई : नाइता, पोरांचं जेवण...

केलेरा : पोरांचं जेवण मला कळतं. नोंद काढायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. लिही.

अपिसाई : लिहिली. ...आली.

केलेरा : वाच.

अपिसाई : केलेरा तुईलेवू. संगणक विभाग, प्रमुख. स्थिती, बंद. कारण, पद समाप्त. दिनांक, सोमवारपासून.

केलेरा : पद समाप्त.

अपिसाई : हो.

केलेरा : माझं पद.

अपिसाई : हो.

केलेरा : त्याच्या खाली एक रकाना असेल. असल्या प्रत्येक सॉफ्टवेअरात असतो. नोंद कुणी केली. गडबड झाली की आधी तो बघायचा, हे तुला मीच शिकवलंय. वाच तो.

अपिसाई : केलेरा, ऐक ना...

केलेरा : वाच.

अपिसाई : नोंद करणारा, अपिसाई.

केलेरा : तू केलीस.

अपिसाई : मला करायला सांगितली.

केलेरा : बोटं कुणाची होती?

अपिसाई : माझी.

केलेरा : अस्सं. म्हणजे सकाळपासून तू मला बाहेर काढतोयस, आणि तानोआ मला आत घेतोय. काढतोयस, घेतोय. साडेचार तास. आणि आता तो काढून टाकायला मलाच टेकडीवर चढवलंस.

अपिसाई : असं नको बोलूस.

केलेरा : मग कसं बोलू? तू शिकव. कधीपासून ठाऊक होतं तुला?

अपिसाई : पाच आठवडे.

केलेरा : पाच आठवडे! अरे, पाच आठवडे रोज दुपारी माझ्या डब्यातला दालो खात होतास समोर बसून! परवा मी बोटीला निघाले तेव्हा माझी बॅग धक्क्यापर्यंत आणलीस!

अपिसाई : डायरेक्टरसाहेबांनी बोलावलं एक दिवस. म्हणाले, नवं सॉफ्टवेअर ऑकलंडहून चालणार, इथे एकच माणूस लागेल. दोन जागा ठेवता येणार नाहीत. म्हणाले, ती किंवा तू. माझी मुलगी अजून शाळेत आहे, केलेरा.

केलेरा : म्हणून ‘मी’ म्हणालास.

अपिसाई : मी काही म्हणालोच नाही. गप्प बसलो.

केलेरा : गप्प कुठे बसलास? म्हणालास ना! त्याच आठवड्यात आलास आणि म्हणालास, ‘नाइता, तानोआचं सगळं तुझ्या डोक्यात आहे, उद्या वादळ आलं, तुला काही झालं, तर आम्ही काय करायचं? लिहून ठेव.’ मी वेडी म्हटलं, पोरगा जबाबदार झाला. शनिवार-रविवार बसून चाळीस पानं लिहिली. कसा घालायचा, कसा काढायचा, कुठे बिघडतो, बिघडला तर कसा समजवायचा. वरती लिहिलं, ‘अपिसाईसाठी, घाबरू नकोस.’ वादळ तूच होतास होय रे!

अपिसाई : वही साहेबांनी मागायला सांगितली होती.

केलेरा : साहेबांनी, साहेबांनी! साहेबांना काय माहीत माझ्या डोक्यात काय आहे? ते तुला माहीत. मुनसामीच्या मयताला त्याची बायको म्हणाली होती, परक्यानं मारलं तर माणूस ओरडतो, आपल्यानं मारलं तर ओरडताही येत नाही. मला तेव्हा ते ऐकून नुसतं वाईट वाटलं होतं. केसानं गळा कापलास माझा.

अपिसाई : नाइतावर चिडायचं नसतं. तूच म्हणतेस. नाइतानं काही उचललं तर...

केलेरा : खबरदार! तो शब्द घेऊ नकोस तोंडात. नाइता भर दुपारी येतो, अंगणात उभा राहून ओरडतो, ‘ए चोरांनो, तुमची कोंबडी नेतोय!’ घरातले सगळे बघतात, शिव्या देतात, हसतात. तोंडावर येऊन नेतो म्हणून तो नाइता. तू पाच आठवडे मान खाली घालून माझ्या ताटात जेवलास. तोंडावर आला असतास, ‘केलेरा, तुझी खुर्ची नेतोय’ म्हणाला असतास, तर मी तुला अर्वाच्य शिव्या दिल्या असत्या आणि रात्री मुलीसाठी मासे पाठवले असते. हे तुलाही माहीत आहे.

अपिसाई : माहीत आहे.

केलेरा : मग का नाही आलास?

अपिसाई : भीती वाटली. तू हसशील याची नाही. तू खरंच देऊन टाकशील याची. मग मला कुठे तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

केलेरा : आता राहिलीय वाटतं?

अपिसाई : नाही.

केलेरा : आणि मला कधी सांगणार होतात?

अपिसाई : पत्र तयार आहे. सोमवारी. साहेब म्हणाले, आधी तानोआ निघू दे. काढताना तो परवलीचा शब्द मागतो ना, तो तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. कळल्यावर तू द्यायची नाहीस, असं...

केलेरा : असं साहेब म्हणाले.

अपिसाई : हो.

केलेरा : आणि तू काय म्हणालास? अकरा वर्षं मला ओळखतोस. तू म्हणालास का, की ती देईल? म्हणाला नाहीस. ताकाला आलास आणि भांडं लपवलंस. थांब, ताई आलीय वर.

लोसालिनी : केलेरा! अगं, पाद्रीबाबा येऊन बसलेत, काकांनी तिसऱ्यांदा विचारलं. तुझ्या अंगावरचे काळे कपडे उतरवायचे आहेत आज. तू इथे उभी, आम्ही काय खुंटीचे उतरवू?

केलेरा : आले, ताई. दहा मिनिटं.

लोसालिनी : कोण आहे फोनवर? अपिसाई का? अगं, दे इकडे. ए डोंगरातल्या उंदरा! डुकराची मागची मांडी तुझ्यासाठी राखून ठेवलीय, मंगळवारच्या बोटीनं पाठवते. बाबांच्या मयताला तू जसा रडलास तसे माझे मुलगे रडले नाहीत. ऐकतोयस ना? बोल की! हा गप्प का?

केलेरा : सिग्नल गेला असेल. तू हो पुढे.

लोसालिनी : तुझे डोळे का असे झालेत?

केलेरा : धूर येतोय ना भट्टीचा.

लोसालिनी : धूर तिकडे चाललाय. बरं बाई, नको सांगूस. दहा मिनिटं म्हणजे दहा हं.

केलेरा : ...गेली ती. आहेस का?

अपिसाई : आहे. केलेरा, ती मांडी...

केलेरा : ती गोष्ट आता नको. किती वाजले?

अपिसाई : बारा वाजून तीन.

केलेरा : आता नीट ऐक. मी फोन बंद करून खाली जाऊ शकते. तुम्ही तो शब्द शोधत बसा सोमवारपर्यंत. ऑकलंडच्या लोकांसमोर तुझी फजिती, साहेबांची फजिती. मला त्यात फार गोड वाटेल. हे मी लपवत नाही.

अपिसाई : तुझा हक्क आहे.

केलेरा : हक्काचं तू बोलू नकोस. पण साडेबाराला एकशे बारा पोरं रिकाम्या ताटानं उभी राहतील, आणि ती माझ्या बेटाची आहेत, बाजूच्या बेटांची आहेत. त्यांनी काय केलंय? हे तुलाही माहीत होतं. जेवणाची वेळ गाठून फोन केलास.

अपिसाई : तसं ठरवून नाही केलं. आईशप्पथ.

केलेरा : असेल. आता मला कळेनासं झालंय, तुझं काय खरं आणि काय नाही. लिही. तानोआ, स्पेस, एक्सपोर्ट.

अपिसाई : तानोआ, स्पेस, एक्सपोर्ट. पुढे? पान एकोणतीसवर आहे, विद्यार्थी वेगळे काढता येतात आणि कर्मचारी वेगळे.

केलेरा : विद्यार्थी.

अपिसाई : नुसते विद्यार्थी?

केलेरा : नुसते.

अपिसाई : ऐक. दोन्ही काढू. सगळी यादीच नव्यात घालू. तुझं खातंही उघडं होऊन आत जाईल. कुणाला लगेच कळायचं नाही. निदान थोडे दिवस...

केलेरा : चोरून आत राहू? माझ्याच कॉलेजात? मुनसामीसारखं मेलेलं खातं होऊन? आणि सोमवारी कुणी विचारलं, हिला कुणी उघडलं, तर रकान्यात तुझं नाव येईल. मग परत तूच मला काढशील. एकदा काढलंस तेवढं पुरे. विद्यार्थी लिही.

अपिसाई : लिहिलं. तानोआ, स्पेस, एक्सपोर्ट, स्पेस, विद्यार्थी.

केलेरा : दाब. किती आले?

अपिसाई : तीन हजार शंभर.

केलेरा : बरोबर. ती फाइल नव्याला दे. त्याची कमांड तुला येते?

अपिसाई : इम्पोर्ट म्हणून आहे. वाचतो... अशी. दाबू?

केलेरा : फाइलचं नाव परत एकदा तपास.

अपिसाई : तपासलं. दाबतोय. ...घेतली. ‘तीन हजार शंभर नोंदी, चूक शून्य.’

केलेरा : आता तानोआ थांबव. तानोआ, स्पेस, स्टॉप. जिवंतपणी काढायचा नाही.

अपिसाई : थांबला.

केलेरा : तानोआ, स्पेस, अनइन्स्टॉल. पुढे काही नाही. रेघ नाही, ऑल नाही. खाती राहू देत, तो एकटा जाऊ दे.

अपिसाई : लिहिलं. दाबलं. शब्द मागतोय.

केलेरा : तुझ्या गावाचं नाव टाक.

अपिसाई : काय?

केलेरा : तुझ्या गावाचं नाव, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. कंदावूची बाई तुमच्या त्या चिखलातल्या गावाचं नाव जपून ठेवेल, असं कुणाच्या मनात येणार? म्हणून ते ठेवलं. तू लागलास त्या आठवड्यात बदलला होता शब्द.

अपिसाई : म्हणजे इतकी वर्षं...

केलेरा : साहेबांना सांग. त्यांनी तुलाच विचारायला हवं होतं. टाकलंस?

अपिसाई : टाकतोय. बोटं चालत नाहीत गं.

केलेरा : माझी नोंद करताना चालली होती.

अपिसाई : टाकलं. दाबू का? तू हो म्हण.

केलेरा : हो.

अपिसाई : काढतोय... चाळीस टक्के. सत्तर. संपलं. शेवटी एक ओळ आलीय. ‘परात रिकामी झाली. प्यायलेल्यांना धन्यवाद.’

केलेरा : मीच लिहिली होती ती. अकरा वर्षांपूर्वी, जरा गंमत म्हणून. तानोआ म्हणजे यांगोना प्यायची परातच की, ती रिकामी झाल्यावर आपण म्हणतो ना, तसं. कधी कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

अपिसाई : मेसचा फोन येतोय दुसऱ्या लाइनवर. घेऊ?

केलेरा : घे.

अपिसाई : ...चालू झालं. पोरं रांगेत लागलीत. मशीन सगळ्यांना हो म्हणतंय. बारा बावीस.

केलेरा : बरं झालं. आज काय आहे जेवायला?

अपिसाई : डबाबंद मासे आणि कसावा.

केलेरा : शनिवारी तेच असतं. माझ्या फोनवरचं कॉलेजचं मेलही गेलं बघ आत्ता. म्हणतंय, ‘तुम्ही कोण आहात, आम्ही ओळखत नाही.’ नवं सॉफ्टवेअर कामाला चोख आहे हो. साहेबांना सांगा, उत्तम बसलंय.

अपिसाई : मला अहो-जाहो करू नकोस.

केलेरा : आता विभागप्रमुख तुम्ही. वहीचं पान सदतीस वाचा, वादळात वीज गेली तर सर्व्हर कोणत्या क्रमानं उठवायचे ते लिहिलंय. तिथे चुकाल, तिथे सगळे चुकतात. ठेवते, खाली खोळंबलेत सगळे.

अपिसाई : थांब. ठेवू नकोस. मी येतो. मंगळवारच्या बोटीनं. माफी मागायला देवमाशाचा दात घेऊन येतो, माझ्या काकांना बोलायला आणतो. तुझ्या घरच्यांसमोर, पाद्रीबाबांसमोर बसतो आणि सगळं सांगतो. पाच आठवड्यांचं, वहीचं, सगळं.

केलेरा : नाइता नाइतापुढे दात ठेवतो का कधी?

अपिसाई : नाही ठेवत. पण मी तो उरलो नाही, हे मला कळतंय. परक्यासारखा येतो. दारात बसतो. जितका वेळ बसवशील तितका वेळ.

केलेरा : येऊ नकोस.

अपिसाई : दात समोर ठेवला तर तुला नाही म्हणता येत नाही, केलेरा. कुणालाच येत नाही. माफ करावंच लागतं.

केलेरा : म्हणून तर सांगतेय, येऊ नकोस.